कणगीतले घरचे बी

मित्रांनो, मी एक जुनी कणगी आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही. गोड गोष्ट हवी असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

रझाकारांची धामधूम संपली त्या वर्षी तीर्थपुरीजवळच्या एका वाडीत रखमाजीने तुरीच्या काड्यांनी मला विणले. त्याची बायको झुंबरबाई हिने शेणामातीने आतून-बाहेरून लिंपले. माझ्या पोटात काय ठेवायचे ते आधीच ठरले होते. पुढच्या पेरणीचे बाजरीचे बी. ही बाजरी रखमाजीच्या आईपासून चालत आलेली. पाऊस कमी झाला तरी तिची कणसे वीत-दीड वीत भरत. दरवर्षी झुंबरबाई निवडक कणसांचे बी काढून त्यात राख नि कडुलिंबाचा पाला मिसळी, मला भरी आणि माझे तोंड शेणाने बंद करी. अक्षय्य तृतीयेपर्यंत ते उघडायचे नाही, असा घरचा नेम होता. त्या दिवशी परळात, म्हणजे पसरट मातीच्या भांड्यात, माती घालून त्यात मूठभर बी टाकून बघत. हिरवे कोंब आले की घरात पेरणीशिवाय दुसरा विषय नसे. रखमाजी माझ्या पोटावर थाप मारून म्हणे, “हिच्यामुळं बरकत हाय.”

शेजारची सोनूबाई दरवर्षी मूठभर बी मागायला येई. झुंबरबाई तिला दारातूनच परत पाठवी. “घरचं बी बाहीर देत न्हाईत आम्ही.”

मग एका वर्षी मला लिंपायचे राहून गेले आणि उंदराने माझे बूड कुरतडले. दोष कुणाला? मलाच. थोरला मुलगा मच्छिंद्र जालन्याहून पत्र्याचे पिंप घेऊन आला. “आता ह्याच्यात ठिऊ. मंग बघू कोणता उंदीर शिरतो.” आणि मी गोठ्यात जाऊन पडले. माझ्यात कोंबडी अंडी घालू लागली.

त्या साली दिवाळीपर्यंत पाऊस रेंगाळला. बी नीट वाळलेच नाही. माझ्यात असते तर माझ्या फटींतून त्याची ओल निघून गेली असती. पत्र्याला कुठल्या फटी? तरी झुंबरबाईने सवयीने झाकणाच्या कडा शेणाने बंद केल्या. पिंप ओसरीपुढे चैत्राच्या उन्हात तापत राहिले. रखमाजी त्याला टेकून बसे आणि नाल्याकाठचे रान यंदा मोडायचे, नवी तिफण करायची, असे बेत करी. झाकण कुणी उघडले नाही. नेम होता ना.

अक्षय्य तृतीयेला उघडले तर बुरशीचा भपकारा आला. परळात एकही कोंब वर आला नाही. रखमाजी त्या परळापुढे उकिडवा बसून राहिला. “आईच्या हातचं बी गेलं,” एवढेच तो बोलला.

झुंबरबाई सोनूबाईकडे धावली. सोनूबाई शांतपणे म्हणाली, “किती साल आल्ते मी तुमच्या दारी. एकदा मूठभर दिलं असतं, तर आज टोपलंभर नेलं असतं तुम्ही.”

शेवटी बाजारातून आणलेले बी पेरले. कणसे जेमतेम बोटभर आली.

मग मात्र सगळ्यांना माझी आठवण झाली. झुंबरबाईने माझे बूड बुजवले, मला लिंपले. लिंपताना ती रडत होती. खरे सांगते ते ऐका, मला तिची दया आली नाही. त्या बाजारच्या बाजरीचे बी भरायच्या आधी तिने त्यातले मूठभर पदरात घेतले आणि पहिल्यांदाच आपण होऊन सोनूबाईच्या दारी गेली.

सोनूबाईने ते तळहातावर घेऊन पाहिले आणि परत तिच्या पदरात टाकले. “हे कशाला, बाई? हे तर बाजारात बी मिळतं.”

मित्रांनो, आता माझे पोट भरलेले आहे, तोंड बंद आहे. तुमच्या घरात दुसरीकडे न मिळणारे काही असेल, तर ते जपा. आणि जपायचे असेल, तर त्यातले मूठभर आजच शेजारी देऊन या.