रस्ता नाही असं समजा

देवनहळ्ळीच्या पुढं, विमानतळाच्या हमरस्त्यापासून तीन किलोमीटर आत, वीस खाटांचा एक धर्मादाय दवाखाना आहे. तिथून रुग्णवाहिका निघाली की चाळीस मिनिटांत हेब्बाळच्या मोठ्या इस्पितळाच्या दारात उभी राहते. तिथं रक्तपेढी आहे, शस्त्रक्रियेच्या सहा खोल्या आहेत, हाक मारताच येणारे भूलतज्ज्ञ आहेत. आणि तरीही या दवाखान्यात शिकायला येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला डॉक्टर अनुसूया पहिल्या सकाळी एकच गोष्ट सांगत, "रस्ता नाही असं समजा."

ऐकणाऱ्याला हे खूळ वाटेल, पण त्यामागे अकरा वर्षं होती. चिकपेटातल्या एका जुन्या मराठी कापडवाल्याची ही मुलगी. घराण्यात तुमकूरच्या पलीकडं कुणी मुक्काम केला नव्हता, आणि हिनं दक्षिण सुदान, चाड असे मुलूख पालथे घातले. जिथं पावसाळ्यात चार महिने रस्ताच नसतो, तिथं तंबूत बाळंतपणं केली. तिच्या हाताखाली प्राणेश नावाचा एक सुवर्णपदकवाला डॉक्टर आला होता. त्याच्यासमोर एक बाई रक्तस्रावानं जात होती, आणि हा गृहस्थ 'इथून पुढं कुठं पाठवतात' हेच विचारत राहिला. बाई गेली. नवव्या दिवशी तोही गेला, विमानात बसून घरी. त्या दिवशी अनुसूयाबाईंनी ठरवलं, की परदेशी पाठवायच्या डॉक्टरांना आधी मायदेशातच कोंडीत पकडायचं.

बंगळूरला परतल्यावर त्यांना तशी संस्थाही मिळाली. संस्थेची कचेरी हेब्बाळला, काचेच्या इमारतीत. प्रशिक्षणाचे शेवटचे चार आठवडे मात्र या दवाखान्यात. नियम सोपा होता. पेशंट अडला तर शिकाऊ डॉक्टरनं हाताशी असेल तेवढ्यातच निभवायचं. बाई कोपऱ्यात उभ्या राहणार. रस्ता आहे, हे म्हणायचा हक्क फक्त त्यांचा, आणि त्या म्हणाल्या की त्याच क्षणी गाडी निघणार. चार वर्षांत त्यांनी ते एकोणीस वेळा म्हटलं होतं आणि एकोणीसही पेशंट घरी चालत गेले होते. बाईंचा अंदाज चुकत नाही असं सगळे म्हणत. वाईट एवढंच, की बाईंनाही ते पटायला लागलं होतं.

दवाखान्याच्या भिंतींवर कन्नडमध्ये बरंच काही लिहिलं होतं: हात धुवा, थुंकू नका, डॉक्टरांशी अदबीनं बोला. हा नियम मात्र कुठं लिहिलेला नव्हता.

भाग्यलक्ष्मी आली ती मार्चमधल्या एका मंगळवारी, सकाळी दहाला, नवऱ्याच्या दुचाकीवर मागं बसून. चोवीस वर्षांची, दुसरं बाळंतपण. नवरा बसवंत जवळच्या द्राक्षबागेत कामाला होता. त्या आठवड्यात पाळी हर्षिताची होती. हर्षिता मूळची पुण्याची, एकोणतीस वर्षांची, हाताला कमालीची हलकी. तीन आठवड्यांनी ती दक्षिण सुदानला जाणार होती, आणि तिथं तिच्यावर दुसरा डॉक्टर असणार नव्हता. अनुसूयाबाईंचा तिच्यावर जीव होता. इतक्या वर्षांत आपल्या तोडीचं कुणी भेटलं नव्हतं, ते आता भेटलं असं त्यांना वाटे.

अकराला दहा मिनिटं असताना मुलगी झाली, रडली, गुलाबी पडली. वारही नीट पडली. आणि मग रक्त थांबेना.

हर्षितानं एक क्षण वाया घालवला नाही. इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, दोन्ही हातांना सलाईन लावलं आणि गर्भाशय आकसावं म्हणून पोट चोळायला घेतलं. अनुसूयाबाई कोपऱ्यात हाताची घडी घालून उभ्या होत्या. घड्याळात अकरा वीस झाले तेव्हा दारात उमाजी दिसला. उमाजी रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, चिकपेटच्याच गल्लीतला, घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड बोलणारा.

"अक्का, गाडी काढू काय? दारातच लावलोय."

"थांब स्वल्प."

"हेब्बाळला बारानंतर लई गर्दी होतंय, अक्का. आत्ता निघालं तर बरं पडतंय."

"थांब म्हटलं ना उमाजी. डॉक्टर कोण आहे इथं?"

 उमाजीनं नजर खाली घातली, पण दारातून हलला नाही.

इकडं हर्षितानं रबरी नळी घेतली, तिच्या टोकाला निरोध बांधला, तो आत सरकवून सलाईननं फुगवला. आतून दाब बसावा आणि रक्त थांबावं यासाठी. गरीब मुलखातली ही युक्ती, हजारो बायका या युक्तीनं वाचल्या आहेत. चार दिवसांपूर्वीच बाईंनी ती तिला रबरी पुतळ्यावर शिकवली होती. धार कमी झाली. हर्षितानं मान वर केली, कपाळावर घामाचे थेंब, डोळ्यांत पोरासारखा आनंद.

"मॅडम, ब्लीडिंग कमी झालंय. बलून होल्ड करतोय!"

त्या क्षणी अनुसूयाबाईंनी काय करायचं होतं ते कुठल्याही नर्सला ठाऊक आहे. फुगा बसला की पेशंटला हलवायचं. फुगा वेळ मिळवून देतो, तो वेळ रस्त्यासाठी असतो. पण दक्षिण सुदानमध्ये फुगा बसल्यानंतर जायला रस्ता नसतो. तिथं पुढचे चार तास तिथंच काढायचे असतात, आणि ते कसे काढायचे हे हर्षितानं अजून एकदाही केलेलं नव्हतं. अजून दहा मिनिटं बघू दे तिला, एवढंच बाईंच्या मनात आलं. उमाजी दुसऱ्यांदा काही बोलायला गेला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडं न पाहता नुसता हात वर केला.

दहाची पंचवीस मिनिटं झाली. फुग्याच्या कडेनं रक्त झिरपत होतं, थोडं थोडं, कापडात मुरत होतं. भाग्यलक्ष्मी आधी पाणी मागत होती, मग थंडी वाजते म्हणाली, मग म्हणायची थांबली. हर्षितानं मनगट धरलं, मग गळ्यापाशी बोटं ठेवली.

"मॅडम, बीपी मिळत नाहीये."

"रस्ता आहे," अनुसूयाबाई ओरडल्या. "उमाजी, गाडी!"

बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. उमाजीनं गाडी कशी हाकली ते त्यालाच ठाऊक. पण हेब्बाळच्या पुलावर जे व्हायचं तेच झालं, भोंगा वाजवूनही गाड्यांना सरकायला जागा नव्हती. भाग्यलक्ष्मी इस्पितळात पोचली तेव्हा जिवंत होती. दीड वाजता शस्त्रक्रियेच्या टेबलावरच तिनं प्राण सोडला. तिथली डॉक्टर हातमोजे काढत बाहेर आली आणि अनुसूयाबाईंना बाजूला घेऊन म्हणाली, "फुगा उत्तम बसवला होता, मॅडम. पण बसवल्याबरोबर निघायचं ना. अर्धा तास आधी मिळाली असती तर मी हिला घरी पाठवली असती. गाडी नव्हती का?"

 

चौकशी झाली, नाही असं नाही. संस्थेचे संचालक नरसिंहराव बाईंचे तीस वर्षांचे स्नेही. त्यांनी सगळे कागद नीट वाचले आणि चष्मा काढून ठेवला. "इंजेक्शन वेळेत, गोळ्या वेळेत, फुगा वेळेत. जिथं पुढं पाठवायची सोय नाही अशा ठिकाणचा नियम बघितला, तर यात चूक काढता येत नाही."

"सोय होती, राव. दारात उभी होती. उमाजीनं विचारलं, मी थांबवलं."

"ते कागदावर नाही."

"म्हणून मी सांगतेय."

नरसिंहरावांनी कागद मिटले. "अनुसूया, तुझा तो 'रस्ता नाही'चा नियम आजपासून बंद. तो मी बंद केलाय. पण त्या माणसाला जाऊन सांगून काय होणार? बायको परत येणार नाही. आत्ता तो नशिबाला दोष देऊन झोपतो तरी. तू सांगितलंस तर त्याची झोप जाईल आणि तुझं मन हलकं होईल. हा कुठला न्याय?"

हे बोलणं खोटं नव्हतं, हीच अडचण होती. अनुसूयाबाई घरी आल्या. सांगायचं की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढं जेवताना असे, अंघोळीला असे, वाचायला पुस्तक उघडलं की पानावर असे. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत त्या मूग गिळून बसल्या. नियम धाडसाचा काढणारी बाई द्राक्षबागेपर्यंतचे चार किलोमीटर जाऊ शकली नाही.

हर्षिता जाण्याच्या आदल्या दिवशी भेटायला आली. तिचे डोळे खोल गेले होते. "मॅडम, मी कधी सांगायला हवं होतं? मी रोज रिप्ले करते. बलूननंतर लगेच बोलायला हवं होतं ना?"

"तू बोलायचं नव्हतंस. ते काम माझं होतं. तुझं एकही चुकलं नाही, हर्षिता. माझं चुकलं. हे नीट लक्षात ठेवून जा."

पोरीनं मान हलवली, पण तिला ते पटलं की नाही ते कळलं नाही. एप्रिलच्या शेवटी तिचा निरोप आला: पुरानं वाट तुटलेल्या एका गावात दोन बायकांना रक्तस्राव झाला. दोघींना फुगा बसवला, रात्रंदिवस मी उशाशी बसून राहिले. दोघी वाचल्या. खाली लिहिलं होतं, "मॅडम, मला काय करायचं ते माहीत होतं." अनुसूयाबाईंनी तो निरोप वाचला आणि फोन पालथा ठेवला. आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची त्यांना किळस आली.

मग एका सकाळी बसवंत स्वतःच आला. लेक दीड महिन्याची झाली होती, पहिल्या लशी टोचायच्या होत्या. एका हातावर फडक्यात गुंडाळलेली पोर, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत दोन पपनसं. मालकाच्या झाडाची, देवनहळ्ळीची, गोड असतात म्हणाला, आणि ती बाईंच्या टेबलावर ठेवून कन्नडमध्ये बोलायला लागला.

"डाक्टरम्मा, तेव्हा तुमच्याशी नीट बोललोच नाही. माझी थोरली बहीण बाळंतपणात गेली. तीन दवाखाने फिरवलं तिला. इथं नको, पुढं जा. इथं नको, पुढं जा. रिक्षातच गेली ती. तुम्ही तसं केलं नाहीत. दोन डाक्टर तासभर तिच्यापाशी होत्या, ढकलून दिलं नाहीत तिला. माझ्या बायकोचं आयुष्यच तेवढं. पण मी बागेत सगळ्यांना सांगतो, बाईमाणसाला न्यायचं तर तिथंच न्या."

एवढं बोलून तो खाली वाकला. एका हातावर पोर सांभाळत त्यानं बाईंच्या पायाकडं हात नेला.

अनुसूयाबाईंनी पाय मागं घेतले. नरसिंहरावांचं सगळं बोलणं त्यांना आठवलं, आणि ते आता कवडीच्याही कामाचं नव्हतं. हा माणूस नुसता झोपत नव्हता, तो लोकांना त्यांच्याकडं पाठवत होता.

"बसवंत, बस. मला सांगायचंय. तिला पुढं पाठवायला हवं होतं. हेब्बाळला. तिथं रक्त होतं, ऑपरेशन होतं. वेळेत नेली असती तर ती आज घरी असती."

त्याला कळलं नाही. "गाडी नव्हती, नाही का?"

"होती. दारात उभी होती. ड्रायव्हरनं विचारलं. मीच थांब म्हटलं."

"का?"

किती आठवडे त्यांनी या एका शब्दाचं उत्तर मनात घोळवलं होतं. आता त्यातलं एकही वाक्य तोंडात येईना. उरलं ते अगदी साधं होतं. "शिकवत होते. ती लहान डॉक्टर परदेशी जाणार होती. तिथं रस्ते नसतात, इस्पितळं नसतात. बायका तशाच मरतात. तिला तिथलं काम यावं म्हणून मी अर्धा तास थांबले."

बसवंत उभाच होता. पोरीनं झोपेत तोंड वेडंवाकडं केलं, त्यानं न बघताच तिला थोपटलं.  मग त्यानं विचारलं, "तिला आलं ते काम?"

"आलं."

"तिथल्या बायका वाचल्या?"

"दोन वाचल्या."

"बरं झालं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर अनुसूयाबाईंना सोसला असता. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी रुमाल शोधला नाही, नुसत्या बसून राहिल्या.

"पण माझी तिथली नव्हती, डाक्टरम्मा," बसवंत म्हणाला. "ती इथली होती."

अनुसूयाबाई उठल्या. हात धुतले, सवयीनं, आणि लशीची पेटी पुढं ओढली. बसवंत एक पाऊल मागं सरला. पोरीला त्यानं छातीशी घट्ट धरलं आणि दाराकडं पाहत म्हणाला, "दुसऱ्या कुणाला तरी टोचायला सांगा."

त्यांनी पेटी खाली ठेवली आणि नर्सला बोलवायला त्या बाहेर गेल्या.