खालच्या वस्तीच्या नळावरचा काटा

उंच टाकीच्या पायाशी एक दगडी खोली आहे. तिथे जाड नळाला दोन फाटे फुटतात. एक वरच्या वसाहतीकडे जातो, दुसरा खालच्या वस्तीकडे. मित्रांनो, या खालच्या फाट्यावर बसलेला, पितळी कड झिजलेला गोल दाबमापक म्हणजे मी. वय एकेचाळीस. काच तडकलेली, पण काटा शाबूत.

माझ्या पोटात एक वाकडी नळी आहे. पाण्याने रेटलं की ती सरळ होऊ बघते आणि काटा पुढे जातो. पाणी कमी, की काटा मागे. यात माझा मोठेपणा काही नाही. खोटं बोलता येईल असं माझ्यात काही बसवलेलंच नाही.

पहिली वीस वर्षं मला फिटरकाकांनी सांभाळलं. ते काचेवर बोटाने टकटक करत आणि म्हणत, "हं, बोल बाबा खरं खरं." मग माझा आकडा आणि वरच्या फाट्यावरच्या माझ्या जुळ्या भावाचा आकडा फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहीत. येणारीजाणारी माणसं तो वाचत. "काका, त्यांना दोन आणि आम्हाला दीडच? आम्ही काय घोडं मारलंय?" असं कोणी ओरडलं, की काका हसून व्हॉल्व्ह अर्धा फेरा उघडत. संपला तंटा.

काका निवृत्त झाले. फळा रंगवायला म्हणून नेला, तो आजतागायत रंगतोच आहे.

नव्या चावीवाल्याला सगळे 'सोमवार' म्हणत. कारण आठवड्याचे सातही आकडे तो सोमवारीच नोंदवहीत लिहून टाकी. माझ्याकडे ढुंकूनही न पाहता दोन, दोन, दोन. खरं तर माझा काटा शून्य आणि एकच्या मध्ये, अर्ध्यावर लोळत होता, कारण खालचा व्हॉल्व्ह त्याने जवळजवळ बंदच केला होता. कोणाच्या सांगण्यावरून, तेही ऐका. नगरसेवकाच्या मेहुण्याचे टँकर होते. नळाचं पाणी हक्काचं असतं, त्यासाठी कोणी कोणाला नमस्कार करत नाही. टँकरचं पाणी मात्र मेहेरबानीचं. टँकरवर नगरसेवकाचा हसरा फोटो होता आणि त्याच्याखाली बायका घागरी घेऊन रांगेत. पाण्याची टंचाई नव्हतीच हो! शेजारीच माझा भाऊ साडेतीनवर ताठ उभा होता. टंचाई तयार केली जात होती, रोज, हाताने, फेरे मोजून.

मग सुधारणा आली. एक तज्ज्ञ आले, म्हणाले, "मापकं जुनी झाली आहेत." फीत कापून नवं विजेवरचं यंत्र बसलं. माझ्यावर गोणपाट टाकलं गेलं. चार महिन्यांत यंत्राचा पडदा काळा पडला आणि कोणाला त्याची आठवणही झाली नाही. माझा संताप झाला. जिथे बघायचंच नाही, तिथे नवे डोळे बसवून काय होणार?

अखेर खालच्या वस्तीतल्या प्रसूतिगृहाची सिस्टर आली. दहा खाटांचं ते प्रसूतिगृह पाण्याअभावी महिनाअखेर बंद करायचा हुकूम निघाला होता. बरोबर तिची मावशी होती. आयुष्यभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलेली, काठी टेकत चालणारी.

सिस्टरने गोणपाट उचललं. "मावशी, बघ! इथे अर्धा, तिथे साडेतीन."

"ते बंद पडलेलं आहे, ताई," सोमवार म्हणाला.

मावशीने काचेवर टकटक केली. काटा थरथरला. "बंद पडलेलं थरथरत नाही रे. वही आण."

आवाज ऐकून आत आलेल्या पाणीखात्याच्या इंजिनियरसाहेबांनी स्वतःच वही पुढे केली. "बघा, रोज दोन. दोष तुमच्या आतल्या नळात आहे."

मावशीने चष्मा पुसला, पानं उलटली. "साहेब, बारा तारखेला टाकी धुवायला म्हणून दिवसभर पाणी बंद होतं ना? तुमच्याच कचेरीची सूचना प्रसूतिगृहाच्या दारावर आहे. त्या दिवशीही दोन?"

टाकी मंगळवारी धुतली होती. मंगळवारचा आकडा सोमवारीच लिहून झाला होता.

त्या दुपारी व्हॉल्व्ह उघडला. मी पुन्हा दोनावर आलो. प्रसूतिगृह वाचलं. सोमवारची बदली झाली. साहेब मात्र खुर्चीत, टँकर मेहुण्याकडे आणि फोटो हसराच. एका चावीवाल्याला हलवून सगळे हात झटकून मोकळे झाले, याची चीड मला आजही आहे.

"जिंकलो, मावशी!" सिस्टर म्हणाली.

"एवढ्यात नको म्हणूस. नगरसेवक, मेहुणा, साहेब, चावीवाला, या चौघांचा फायदा मोठा आहे, म्हणून ते रोज लक्ष घालतात. आपल्या चार हजारांचा तोटा घरटी दोन घागरींचा, म्हणून प्रत्येकाला वाटतं, दुसरं कोणीतरी जाईल. उद्यापासून पाळ्या लाव. रोज एकाने यायचं, काटा वाचायचा, आकडा प्रसूतिगृहाच्या दारावर लिहायचा."

वस्तीने पाळ्या लावल्या. शिंपी आला, शाळेतली बाई आली, रिक्षावाला गाडी चालू ठेवूनच आत डोकावला. मेहुणा फाटकापाशी उभा राहून गोड बोले, "कशाला उन्हात तडफडता, वहिनी? पाणी येतंय ना?" वहिनी आकडा लिहून घ्यायची.

मित्रांनो, मला तेलपाणी नको, नवी काच नको, माझं कौतुक तर मुळीच नको. मला वाचणारं माणूस हवं. परवा कोणी आलं नाही. काल लग्न होतं म्हणे, म्हणून कालही नाही. आज पहाटे नवा चावीवाला आला, इकडेतिकडे बघितलं आणि त्याने व्हॉल्व्ह हलकेच पाव फेरा आवळला. माझा काटा दीडवर आला आहे. मी ओरडू शकत नाही, नुसता दाखवू शकतो.

आज पाळी कोणाची आहे?