फळीचा पंच

आमच्या गावात ट्रॅक्टरच्या कंपनीचं नाव कोणी घेत नाही. लाल की हिरवा, एवढंच विचारतात. माझा मेहुणा व्हर्लिन जन्मभर लालवाला. नेब्रास्काच्या कडाक्याच्या थंडीतही आपला लाल पहिल्या झटक्यात सुरू होतो आणि हिरव्यांचं नुसतं फटफट, हे तो कॉफी पिताना रोज ऐकवायचा. मी शाळेत ग्रंथपाल होतो. दोन्ही रंगांची माहितीपुस्तकं वाचली आहेत, चालवला मात्र एकही नाही. म्हणून मी कोणाच्या बाजूचा नाही असं धरून, जुन्या ट्रॅक्टरांच्या मेळाव्यात फळीच्या खेळाचा पंच मला करतात.

फळी म्हणजे लाकडाचा प्रचंड सीसॉ. ट्रॅक्टर वर चढवून मधोमध असा तोलायचा, की पंचाने दहा म्हणेपर्यंत कुठलंच टोक जमिनीला टेकू नये.

यंदा व्हर्लिनचा डावा पाय थरथरायला लागला होता. त्याच्या मुलीने, लोर्नाने, अट घातली. "बाबा, फळी तोललीत तर चालवत राहा. नाही तर चावी माझ्याकडे."

मेळाव्याआधी मी चाचरत त्याला म्हटलं, "हिरव्याचा क्लच पायाने नाही, हाताने चालतो. तुझे हात ठणठणीत आहेत. हिरव्यांतला डेल त्याचा देईल."

"त्यापेक्षा मी गाढवावर बसेन. तू पुस्तकं वाच, ग्लेन."

 

मेळाव्यात व्हर्लिनचा लाल फळीवर चढला, इंचाइंचाने मध्यावर आला. फळी तरंगली. मी मोजू लागलो. सातला व्हर्लिनचा पाय क्लचवरून निसटला, ट्रॅक्टरने हिसका दिला आणि पुढचं टोक गवताला टेकून पुन्हा वर उसळलं. मी ते स्पष्ट पाहिलं. टोक टेकलं की वर करायचा तो हातातला झेंडा वर केला नाही. आठ, नऊ, दहा.

"टेकली नाही," मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. लोर्नाने डोळे पुसले. क्षणभर मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

व्हर्लिनने इंजिन बंद केलं. "टेकली, ग्लेन. मला बसल्या जागी जाणवली."

"मला नाही दिसली."

"मग तू आंधळा तरी आहेस, नाहीतर मला भिकारी तरी समजतोस. कुठलं ते सांग."

"पंचाचा चष्मा बदला रे," मागून कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले. माझे कान तापले. 

तो सावकाश उतरला, चावी लोर्नाच्या हातात दिली आणि हिरव्यांच्या रांगेकडे बघत उभा राहिला.

"डेल, तुझी फटफटी देतोस?"

"देतो की. रंग अंगाला लागत नाही तिचा."

"लागला तर अंघोळ करेन." मग लोर्नाकडे वळून, मान खाली घालून, "अट तीच?"

तिने मान डोलावली.

हिरवा फळीवर चढला. मी माझ्या जागेवर जाऊन उभा राहिलो, तर लोर्ना तिथेच पालथी झोपली, टोक नीट दिसावं म्हणून गाल गवताला लावून. दुसऱ्या टोकाशी डेलची बायको वाकून बसली.

"ग्लेनमामा, जरा सरकता का? सावली पडतेय."

मी सरकलो. झेंडा कुठे ठेवावा ते कळेना. व्हर्लिनचा हात क्लचच्या दांड्यावर होता, अगदी स्थिर, आणि मोजत होती लोर्ना. दहा म्हणून ती उठली ती गवत न झटकताच बापाकडे धावली.

"टेकली नाही ना?" डेलने तिला ओरडून विचारलं.

मी त्याच्या शेजारीच उभा होतो.