दुपारच्या गाडीतला डबा

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत सभागृहातून येणारे प्रश्न आधीच वाटलेले असतात, हे आमच्या विभागातलं उघड गुपित आहे. चिठ्ठ्या गाईड लिहितात, ज्युनियर वाचतात, उमेदवार विचारात पडल्याचं सोंग करून पाठ केलेलं उत्तर देतो, आणि मग समोसे. माझ्या परीक्षेसाठी खुशालराव सरांनी तीन चिठ्ठ्या लिहिल्या. तिसरी माझ्या ज्युनियरला, प्रतीक्षाला मिळाली: "कंट्रोलच्या पेशींत ठिपके का दिसत नाहीत?" हा सरांचा लाडका प्रश्न. मला मात्र तो नको होता, कारण त्याचं खरं उत्तर मला दोन आठवड्यांपासून ठाऊक होतं.

माझं संशोधन बार्शीटाकळीला घरी सांगते तसंच सांगते. लिपिड म्हणजे चरबीच्या गोतातला पदार्थ. पेशीचं बाहेरचं आवरण त्याचंच असतं. पण काही लिपिडं निरोप्याचं काम करतात. जनुकं जिथे असतात त्या केंद्रकात बसून, कुठलं जनुक जागं करायचं हे ठरवायला ती मदत करतात. एवढं जगानं मान्य केलेलं आहे. माझा दावा पुढचा होता: पेशीला उपाशी ठेवलं की ही लिपिडं केंद्रकात गर्दी करतात. रंग लावला की उपाशी पेशींच्या केंद्रकात लिपिडाचे हिरवे ठिपके चमकायचे; पोटभर पेशींच्या, म्हणजे कंट्रोलच्या, केंद्रकात अंधार. पेपर छापून आला, ऑगस्टमध्ये प्रबंध सादर झाला, बाबांनी गावात चौकात फ्लेक्स लावला. त्यावर माझ्यापेक्षा ठिपके मोठे होते.

पेशी लावलेल्या काचा, म्हणजे स्लाइड, अमरावतीला आमच्या विभागात तयार व्हायच्या, पण ठिपके टिपणारा मायक्रोस्कोप अकोल्याला होता. तो शनिवारी दुपारी आणि सोमवारी सकाळी मिळायचा. एरवी मी तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणून सगळे प्रयोग उन्हाळ्याच्या सुट्टीत. स्टीलच्या जेवणाच्या डब्यात एका खेपेला सहाच काचा मावायच्या. महत्त्वाचं आधी, या हिशेबानं उपाशी पेशी शनिवारी दुपारच्या एसटीनं जायच्या आणि कंट्रोल सोमवारी पहाटेच्या. बाबा रिटायर्ड कंडक्टर, त्यामुळे दुपारच्या गाडीचे ड्रायव्हर देवमनकाका घरचेच. "आन तो डबा इकडं. मांगं लय आदळते गाडी," म्हणत ते दर वेळी बॉनेटवर टॉवेलची घडी करून त्यावर डबा ठेवायचे. खाली इंजिन, बाहेर मे महिना. पहाटेच्या गाडीत ओळखीचं कोणी नसायचं, म्हणून डबा माझ्या मांडीवर.

डिसेंबरात मी प्रतीक्षासाठी नव्या स्लाइड केल्या. माझ्या ठिपक्यांवर पुढचं काम करायला ती बाळापूरच्या शाळेतली नोकरी सोडून आली होती. मिळेल त्या गाडीनं, डबा मांडीवर घेऊन अकोल्याला जाऊन पाहिलं तर एकही ठिपका नाही. तीनदा केलं, तीनदा नाही. मग देवमनकाकांचं बॉनेट आठवलं. चौथ्यांदा मी स्लाइड इन्क्युबेटरमध्ये पन्नास अंशांवर अडीच तास ठेवल्या, अकोल्याला जायला लागतो तेवढाच वेळ. ठिपके आले. उपाशी पेशीत आले आणि कंट्रोलमध्येही आले. पेशी थिजवायचं रसायन प्रथिनांना धरून ठेवतं, लिपिडाला नाही, हे माझ्याच प्रबंधात पान बावीसवर आहे. डब्यात भाजीचं तेल पोळीत उतरतं, तसं बाहेरच्या आवरणाचं लिपिड केंद्रकात उतरलं होतं. सात वर्षं मी पेशींची भूक मोजत नव्हते, एसटीचं इंजिन मोजत होते. मला स्वतःचीच एवढी चीड आली की तो डबा मी कपाटाच्या तळाशी कोंबला.

सरांना सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं.

"कोनाले सांगतलं?"

"कोनालेच नाही, सर."

"मंग नोको सांगू. माहा रिटायरमेंट मार्चमंदी, तुयं रजिस्ट्रेशन या महिन्यात संपते. आता प्रबंध वापस घेतला तं तू ना इकडची ना तिकडची." मग त्यांचा आवाज उतरला. "खोटं तू केलं नाही, भावना. होऊन गेलं ते. परीक्षा होऊ दे."

ते दुष्ट असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. सांगावं तर माझी सात वर्षं जातात, न सांगावं तर प्रतीक्षाची येणारी पाच. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. माझ्या तर दोन्हींत माणसं होती. त्यात बाबांचा फोन आला: परीक्षेला यायला जीप ठरली, देवमनकाकाही येतात, मामा शेंदूरजनाघाटाहून संत्र्यांची पेटी आणतोय. मी "हो बाबा" म्हटलं आणि सरांचं उत्तर पाठ करायला घेतलं.

परीक्षेच्या दिवशी मागच्या ओळीत आई, बाबा आणि इस्त्रीच्या शर्टातले काका बसले होते. पहिल्या दोन चिठ्ठ्यांना मी छान विचारात पडले. बाहेरगावचे परीक्षक "उत्तम" म्हणाले. मग प्रतीक्षा उठली. चिठ्ठी हातात होती, पण तिनं ती पाहिली नाही. प्रश्न तिला पाठच होता. खरंच उत्तर हवं असल्यासारखी ती माझ्याकडे पाहत राहिली.

भरल्या पोटी पेशीला निरोपाची गरज नसते, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

"कारण त्या स्लाइड पहाटेच्या गाडीनं गेल्या होत्या," मी म्हणाले.

सरांनी मान खाली घातली. परीक्षकांनी विचारलं, "म्हणजे?" मी सगळं सांगितलं, शनिवार, सोमवार, बॉनेट, इन्क्युबेटर. सांगताना रडू येत होतं, पण थांबले नाही.

"इंजिनवर डबा कोणी ठेवला?" परीक्षकांनी विचारलं.

"मी ठेवला, सर."

मागे खुर्ची वाजली. देवमनकाका उभे होते. "तिनं नाही ठेवला, सायेब. म्या ठेवला. पोरीच्या काचा फुटू नये म्हून."

बाबा त्यांचा शर्ट ओढत होते, पण ते खाली बसले नाहीत. परीक्षकांनी पदवीची शिफारस न करता फाइल मिटली आणि माझे आभार मानले. सर माझ्याकडे न पाहता निघून गेले. प्रतीक्षा चिठ्ठी मुठीत धरून तशीच उभी होती.

बाहेर टेबलावर समोसे गार होत होते. काका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तो डबा फेकजो नोको, माय. आता मांडीवर घेऊन बसत जा. मी गाडी हळू चालवीन."

माझं रजिस्ट्रेशन चार दिवसांत संपणार होतं. त्यानंतर अकोल्याला न्यायला काचाच नसणार होत्या. मी "हो काका" म्हटलं आणि त्यांच्या हातात समोशांची प्लेट दिली.