कर्ण्याशेजारची गॅसबत्ती

मित्रांनो, मी आवडाबाईच्या माळ्यावरची जुनी गॅसबत्ती. गावात वीज नव्हती तेव्हा माझा काय तोरा होता म्हणून सांगू! मी पेटले की बोर्लीतले कोंबडे आरवायला लागायचे आणि दिघीच्या खाडीतले मासे सकाळ झाली समजून आंघोळीला निघायचे. खोटं वाटतं? विचारा जाऊन माशांना.

माझ्या शेजारी एक पत्र्याचा कर्णा, बॅटरीवर बोलणारा. निवडणूक आली की आमची जोडी सभेला. मला हवा मारून मारून माणसांचे दंड दुखायचे, तेव्हा कुठे उजेड पडायचा. आणि कौतुक कुणाचं? कर्ण्याचं! "काय आवाज हाय!" मेला दुसऱ्याचंच बोलणं ओकायचा, आणि मान वर!

परवा आवडाबाईच्या नातीनं, सुचितानं, माळा उपसला. ती कॉलेजात इतिहास शिकते. गावातल्या बायका राजकारणात कशा आल्या, यावर तिला प्रदर्शन मांडायचं होतं. तिनं उचललं कुणाला? कर्ण्याला! चिंच लावून घासला, पुसला. आणि मला ठेवलं अंगणात, भंगारवाल्यासाठी. टाकीत रॉकेल असतं ना, तर भडकाच उडवला असता मी!

ओटीवर सुचिता आजीला एक फोटो दाखवत होती, आणीबाणी उठल्यावरच्या सभेचा.

"आजी, हा पांढरा डाग कापून टाकते हां."

"डाग? अगो, ती बत्ती हाय आपली! फोटोवाल्याचा फ्लॅश पेटलाच न्हाय. हिच्या उजेडात निघालाय फोटो. आणि खाली बघ, पदर दाताखाली धरलेली, ती मी."

"तुम्ही बायका पहिल्या रांगेत?"

"आधी कोण येऊ देतंय! पुरुष म्हणायचे, कर्णा लावलाय, घरात बसून ऐका. आमच्यातली मनुबाई म्हणाली, ऐकायला न्हाय, विहीर कधी खणणार ते विचारायला यायचंय. मग आम्ही बत्तीच उचलली. म्हटलं, आज ही आम्ही धरणार. आता बत्तीवालीला मागं काळोखात बसवतील व्हय?"

तेवढ्यात भंगारवाल्यानं मला उचललं. सुचिता ओटीवरून उडी मारून धावली.

"ओ काका, ठेवा ती! विकायची नाही."

आता प्रदर्शनात मी फोटोखाली, मधोमध. कर्णा कोपऱ्यात. तरी पोरं कर्ण्यातच तोंड घालून "हॅलो, हॅलो" करतात. माझा जळफळाट काही संपत नाही.

म्हणून सांगते मित्रांनो, जुनी वस्तू भंगारात घालण्याआधी घरातल्या म्हातारीला विचारा, तिनं ती कशाला उचलली होती. आणि प्रदर्शनाला आलात तर माझी काच तेवढी पुसा. कर्ण्याकडे नाही गेलात तरी चालेल. त्याचं फार कौतुक झालंय.