त्रेचाळीस घरांचा एक नंबर

नागरिकहो, तुमच्या मोबाइलवर नगरपालिकेचे संदेश येतात ना? 'उद्या पाणी येणार नाही', 'शनिवारी मोफत नेत्रतपासणी', 'वाचनालय आता घरपोच पुस्तकं देणार'? तुम्ही ते वाचता, नाहीतर न वाचताच पुसून टाकता. ते लिहिणाराही कुणी माणूस असतो, हे तुमच्या ध्यानीमनीही नसतं. या गोष्टीतल्या शहरात तो माणूस नगरपालिकेच्या माहिती कक्षात, चौकशीच्या खिडकीमागं बसायचा. वय सत्तावन्न, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, अंगात बारा महिने तोच राखाडी स्वेटर. सगळ्या शहराला बातम्या पुरवतो म्हणून कचेरीतले लोक त्याला दवंडीकाका म्हणायचे आणि काकांनाही ते नाव मनातून आवडायचं.

काका कामाला चोख. त्यांच्या मजकुरात काना-मात्रेची चूक शोधून सापडायची नाही. पण दिवसभर 'प्रिय नागरिक' असं लिहून हजारो घरांशी बोलणारे हे काका संध्याकाळी आपल्या घराचं कुलूप काढायचे, तेव्हा आत चिटपाखरू नसायचं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा दुसऱ्या शहरात, त्याच्या संसारात. एका ताटासाठी टेबल पुसायचं जिवावर येई, म्हणून काका ओट्याशी उभ्या उभ्याच जेवून घ्यायचे. टीव्ही लावून ठेवायचे, तो बघण्यासाठी नाही, घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून. याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. करणार तरी कुणाकडे?

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला खिडकीशी एक म्हातारी बाई येऊन उभी राहिली. ऐंशी पार केलेली, हातात काठी. उजव्या पोटरीला पट्टी होती. ती स्वतःच गुंडाळलेली असावी, कारण एका बाजूनं सुटत आली होती. तिनं खिडकीची कड धरून आधी दम खाल्ला आणि मग विचारलं, "घरी येणाऱ्या सिस्टरची चौकशी इथंच करायची ना?"

"इथंच. काय झालं मावशी?"

"ती यायची बंद झालीय हो. दर गुरुवारी यायची, जखम धुऊन पट्टी बदलायची. पाच गुरुवार झाले, तिचा पत्ता नाही. तीन मजले उतरून आलेय, एकेका पायरीवर बसत."

काकांनी संगणकात तिचा पत्ता टाकला. "तुमची सेवा बंद झालीय. चालू ठेवायची का, असं आम्ही विचारलं होतं. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, की गरज नाही असं धरतात."

"मला कुणी विचारलं?"

"एकदा नाही, तीनदा विचारलंय. हे बघा, तिन्ही संदेशांपुढं 'पोहोचला' असं लिहिलंय." काकांनी पडदा तिच्याकडे वळवला. त्यांच्या आवाजात थोडी ऐटच होती.

"पोहोचला? कुठं पोहोचला? माझ्याकडे मोबाइलच नाही!"

"मग दुसऱ्या कुणाचा नंबर दिला असेल. मुलाचा, भाच्याचा..."

"मला मूल नाही की भाचा नाही. लावा बघू तो नंबर. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून चाळीस वर्षं काढलीत मी. कोण उचलतंय ते कळेल तरी."

रांगेत मागं दोघंतिघं खोळंबले होते. काकांनी जरा कंटाळूनच टेबलावरच्या फोनवरून नंबर लावला. घंटा वाजू लागली. एकदा, दोनदा, पाचदा.

"उचलत नाहीत," काका म्हणाले.

ऑपरेटरबाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं. मान तिरकी करून कान दिला. चाळीस वर्षं कानांवर पोट भरलेली बाई ती! "अरे," ती एकदम म्हणाली, "हा तर तुझ्याच टेबलात वाजतोय!"

काकांनी खालचा ड्रॉवर ओढला. जुन्या शिक्क्यांच्या मागं, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला, चार्जरला जोडलेला एक मोबाइल गुरगुरत होता. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

खरं सांगायचं तर काका हे विसरले नव्हतेच, त्यांनी फक्त त्याच्याकडे बघायचं सोडून दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी घराघरातले मोबाइल नंबर नोंदवून घ्यायचं काम निघालं. संगणक असा हटवादी, की दहा आकडे भरल्याशिवाय अर्ज पुढं सरकायचाच नाही. आणि काकांच्या विभागात त्रेचाळीस घरं अशी निघाली, जिथं मोबाइलच नव्हता. सगळी एकट्या म्हाताऱ्या माणसांची. मुदतीचा शेवटचा दिवस, वरून तगादा. काकांनी कचेरीतला एक बिनकामाचा मोबाइल शोधला आणि त्रेचाळीस अर्जांत त्याचाच नंबर ठोकून दिला. 'तात्पुरतं आहे,' असं मनाशी म्हणाले. शंभर टक्के नोंदणी झाली! साहेबांचा सत्कार झाला, काकांना प्रशस्तिपत्र मिळालं. पुढं कुठलीही सूचना सुटली की ड्रॉवरातला तो फोन त्रेचाळीस वेळा थरथरायचा, शिक्के खडखडायचे, कामात लक्ष लागायचं नाही. म्हणून ते फडकं. आणि फोन बंद पडून नोंद बिघडू नये, म्हणून चार्जर कायम लावलेला.

आता ही बाई आरडाओरडा करणार, या धास्तीनं काका उभेच राहिले. पण बाई शेजारच्या बाकावर टेकली आणि हळूच म्हणाली, "म्हणजे सिस्टर आपणहून थांबली नाही?"

"नाही हो मावशी. तिच्या यादीत तुमचं नावच आलं नाही."

"मला वाटलं, तिला माझा कंटाळा आला." बाईंनी रुमालानं डोळे टिपले. "मी फार बोलते रे. आठवड्याचं साठलेलं अर्ध्या तासात बोलायचं म्हटल्यावर माणूस बडबडणारच ना! पाच आठवडे मी एकच गोष्ट उगाळत बसलेय, की आपण जरा कमी बोलायला हवं होतं."

काकांना खरं तर माफीच मागायची होती. तरी इतक्या वर्षांची सवय, जीभ वळलीच. "चूक झाली मावशी. पण संदेश आम्ही वेळेवर पाठवला होता, एवढं तरी..."

"पाठवलास, खरंय," बाई म्हणाली. "आम्हीसुद्धा पाठवायचोच. कुणाकुणाचे निरोप, कुणाच्या जन्माचे, कुणाच्या मरणाचे. पण पलीकडे घंटा वाजली म्हणजे आपलं काम झालं, असं आमच्यातल्या एकीनंही कधी मानलं नाही. कुणीतरी उचलायचं, 'बोला' म्हणायचं, मग आम्ही बाजूला व्हायचो. अरे, घंटा तर रिकाम्या घरातही वाजते!"

 काकांनी बाईंना रिक्षात बसवून घरी पाठवलं आणि थेट साहेबांची खोली गाठली.

साहेब माणूस वाईट नव्हता. शंभर हा आकडा तेवढा त्यांना फार प्रिय. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "त्या बाईंना नवीन अर्ज करायला सांगा."

"नव्या अर्जाला तीन महिने लागतात साहेब. पायाची जखम तीन महिने थांबेल?"

"मग एकच वाट आहे. सेवा कचेरीच्या चुकीनं बंद पडली, असं लेखी लागेल. तसं लिहून दिलं तर लगेच सुरू होते." साहेबांनी आवाज खाली आणला. "पण कोण देणार लिहून? काका, वर्ष राहिलंय तुमचं. खोटा नंबर भरला असं स्वतःच्या सहीनं कबूल केलंत, तर चौकशी लागेल. निवृत्तीचे कागद अडकतील. एका बाईसाठी कशाला ओढवून घेताय?"

"एक नाही साहेब, त्रेचाळीस आहेत," काका म्हणाले खरे, पण त्यांचा आवाज पडलेला होता. ते टेबलाशी परत आले. भीती वाटत होती, आणि का वाटू नये? उभ्या आयुष्यात वरिष्ठांचा एक वावगा शब्द ऐकून घ्यावा न लागलेला माणूस तो.

त्यांनी फडकं सोडलं आणि तो मोबाइल हातात घेतला. पडद्यावर संदेशांची रास होती. प्रिय नागरिक, उद्या पाणी येणार नाही. प्रिय नागरिक, थंडीची लाट आहे, गरम कपड्यांसाठी अमुक ठिकाणी या. प्रिय नागरिक, आपल्या विभागात गप्पांसाठी ज्येष्ठांची खोली सुरू झाली आहे. सगळे काकांच्याच हातचे, एकही चूक नसलेले. आणि त्यात एक असाही, 'आपल्याकडून बरेच दिवस काहीही कळलेले नाही. आपण बरे आहात ना? कृपया कळवा.' तो त्रेचाळीस वेळा आला होता. कुणी कळवायचं? फडक्यानं?

काका तो संदेश पुन:पुन्हा वाचत राहिले. आपण बरे आहात ना? तीन वर्षांत हा प्रश्न त्यांनाही कुणी विचारला नव्हता. ओट्याशी उभं राहून जेवणारी आणखी त्रेचाळीस माणसं याच शहरात आहेत आणि आपणच त्यांना एका ड्रॉवरात कोंडून ठेवलंय, हे त्यांना त्या घडीला लख्ख कळलं. अरेरे, हे काय करून बसलो आपण! त्यांनी कोरा कागद ओढला. अक्षर बिघडलं, पण दुपारच्या जेवणाआधी सही होऊन कागद साहेबांच्या टेबलावर गेला.

चौकशी लागलीच. काकांच्या सेवापुस्तकात ताकीद लिहिली गेली. नोंदणीचा आकडा शंभरावरून खाली आला, आणि साहेब आठवडाभर काकांशी कामापुरतंच बोलले. पण त्याच गुरुवारी सिस्टर तिसऱ्या मजल्यावर हजर झाली. काकाही सोबत गेले होते. सिस्टरनं पट्टी सोडली आणि तिचा चेहरा उतरला. "आणखी पंधरा दिवस गेले असते ना आजी, तर पाय वाचवणं अवघड होतं," ती म्हणाली. ऑपरेटरबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी मागच्या खेपेला अर्धवट राहिलेली कुठलीशी हकिगत मधूनच उचलली होती, आणि सिस्टर पट्टी बांधता बांधता "मग? मग काय झालं?" असं विचारत होती.

उरली बेचाळीस घरं. काकांनी सगळ्या सूचना मोठ्या अक्षरात कागदावर छापून घेतल्या आणि रोज कचेरी सुटली की दोन-तीन घरं, असे ते फिरू लागले. सगळीकडे स्वागत झालं असं समजू नका. एका घरी त्यांना काहीतरी विकायला आलेला समजून दार तोंडावर आपटलं गेलं. एका आजोबांनी दोन वर्षांत न कळवता बंद राहिलेल्या पाण्याचा हिशेब काढून त्यांची चांगली हजेरी घेतली. काकांनी ती मुकाट्यानं ऐकून घेतली. एका दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "ते गेले की दोन महिन्यांपूर्वी. तुम्ही कोण?"  त्या माणसाला काकांनी मागच्याच आठवड्यात दातांच्या तपासणीची सूचना पाठवली होती, आणि तीसुद्धा 'पोहोचला' म्हणून नोंदली गेली होती. त्या दिवशी ते पुढच्या घरी गेले नाहीत. 

यादीतलं शेवटचं घर एका घड्याळजीचं निघालं. दुकान कधीच बंद झालेलं, एका खोलीत तो आणि त्याची गप्प झालेली घड्याळं. काकांनी दारातच कागद काढला आणि वाचला, "बुधवारी सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बंद राहील. कृपया पाणी भरून ठेवावे."

म्हाताऱ्यानं नीट ऐकलं. मग म्हणाला, "पुन्हा एकदा वाचता?"

काकांनी आवाज चढवून पुन्हा वाचलं.

"ओरडू नका हो. पहिल्यांदाच ऐकू आलं होतं," घड्याळजी ओशाळून हसला. "पण तुमचं वाचून संपलं की तुम्ही जाल ना, म्हणून म्हटलं."

 काकांनी कागदाची घडी करून खिशात घातली, चपला दाराबाहेर काढल्या आणि ते आत गेले. त्या दिवशी पाणी सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलणं झालं. निघताना घड्याळजीनं विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं?" काकांनी खरं ते सांगितलं, आणि सांगून टाकल्यावर त्यांना हलकं वाटलं.

नागरिकहो, बातमी पाठवणं हे यंत्राचं काम आहे. ते यंत्रानं खुशाल करावं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती माणसापर्यंत गेली की नाही, हे माणसालाच जाऊन पाहावं लागतं, आणि हे काम एकट्या दवंडीकाकांच्या आवाक्यातलं नाही. तुमच्याही जिन्यात, तुमच्याही गल्लीत असं एखादं घर असेल, ज्याचा नंबर कुठल्यातरी ड्रॉवरात वाजतोय. पुढच्या वेळी पाण्याची सूचना तुमच्या मोबाइलवर आली की ती त्या दाराशी जाऊन तोंडानं सांगा. दोन मिनिटांचं काम आहे असं मनात धरून मात्र जाऊ नका. ते खुर्ची पुढं करतील, तेव्हा बसा.