यजमान घरी नाही

तिहोमिर वासिल्किच चांगली कादंबरी लिहीत असे, पण त्याचं नशीब खोटं होतं. बेलग्रेडच्या साहित्यजगात ज्या-ज्या माणसाच्या हातात काही ना काही होतं, त्याच्या घराण्याचा संत, आपल्याकडच्या कुलदैवतासारखा, निकोला निघायचा. आणि तिहोमिरच्या घराण्याचा संतही निकोलाच.

बाहेरच्या माणसाला यात वाईट काय ते कळणार नाही. संताच्या दिवसाला, म्हणजे स्लावाला, तिकडे कुणी कुणाला बोलावत नाही. दार उघडं असतं. येणारा येतो, उकडलेल्या गोड गव्हाचा चमचाभर घास घेतो, यजमानाच्या गालांचे मुके घेत शुभेच्छा देतो आणि पानावर बसतो. यजमानाने बसायचं नाही. मेणबत्ती जळते तोवर त्याने घर सोडायचं नाही, उभं राहून लोकांचे ग्लास भरायचे. त्यामुळे डिसेंबरातल्या त्या दिवशी निम्मं शहर घरात उभं असतं आणि उरलेलं निम्मं जेवायला निघालेलं असतं. ओग्नेन लाझेतिचसारखे लेखक एका दिवसात समीक्षक, मंत्रालयातला सचिव आणि पुरस्कार समिती, सगळ्यांकडे हजेरी लावून येत. तिहोमिर आपल्या घरी आत्याच्या सासरच्या मंडळींना मासे वाढत असे. ओग्नेनच्या कादंबऱ्या वाचवत नसत, पण त्या मिळत सगळीकडे.

"पुस्तक उत्तम आहे," त्याचा प्रकाशक बुदिमिर त्या हिवाळ्यात म्हणाला. दोघे खानावळीत बसले होते आणि बुदिमिर 'मोरावेचा नावाडी' या तिहोमिरच्या नव्या कादंबरीवर ग्लास ठेवून बोलत होता. "हे एवढं एकदा मान्य करून टाकू, म्हणजे कामाचं बोलता येईल. कारामारिचकडे कधी गेला होतास?"

"कोण, प्राध्यापक कारामारिच? त्यांना मी भेटलेलोच नाही."

"मग 'सोनेरी दौत' पुरस्कार काय तुला टपालाने येणार? अरे बाबा, समितीचा अध्यक्ष आहे तो!"

"त्यांनी पुस्तक वाचलं तर..."

"तिहोमिर," बुदिमिर कळवळून म्हणाला, "त्यांना मोतीबिंदू झालाय. ते आता फक्त माणसं वाचतात. यंदा दौत मिळाली नाही तर तुझं पुढचं पुस्तक मी काढू शकणार नाही. मला शिव्या दे, पण निकोलाच्या दिवशी त्यांच्याकडे जा."

"त्या दिवशी माझीच स्लावा असते."

बुदिमिरने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू समोरच्याने आपला असाध्य रोग सांगितला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "तासाभरात काय तुझा संत पळून जातोय?"

तिहोमिरला राग आला. राग खरा होता, पण तो घरी पोचेपर्यंतच टिकला. चार कादंबऱ्या लिहिल्या होत्या त्याने, आणि शेजारीण अजून विचारायची, "हल्ली काय करता?"

निकोलाच्या दिवशी सकाळी त्याने वडिलांच्या पद्धतीने सगळं केलं. भिंतीवरच्या संताच्या जुन्या चित्राखाली मेणबत्ती लावली, भाकर कापली, त्यावर वाइन ओतली. स्वयंपाकघरातून माशाच्या रश्श्याचा वास येत होता. दुपारी त्याने कोट चढवला.

"कुठे निघालास?" बायको, राद्मिला, हातात पळी घेऊनच बाहेर आली.

"वाइन कमी पडेल. घेऊन येतो."

"मोरीत दोन पेट्या आहेत."

"लाल आहे का त्यात?"

राद्मिला लग्नात मुरलेली बाई होती. तिने बुटांकडे पाहिलं, पॉलिश पाहिलं, टायकडे पाहिलं. "जा," ती म्हणाली. "पाहुण्यांना सांगते, यजमान लाल वाइन शोधायला गेलाय. टाय लावून."

प्राध्यापक कारामारिचांच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. अस्सल मराठीत सांगायचं तर साहित्य संमेलनच भरलं होतं, फक्त कुणी कुणाला भाषण करू देत नव्हतं. ओग्नेन खिडकीपाशी बसून प्राध्यापकांच्या सासूला माशाचे काटे काढून देत होता. हे त्याचं काम इतकं नाजूक आणि तन्मय चाललं होतं की तिहोमिरला पहिल्यांदाच त्याच्या कारागिरीबद्दल आदर वाटला.

प्राध्यापक थकलेले, जाड चष्म्याचे, मोठ्या पोटाचे. त्यांनी तिहोमिरचा हात दोन्ही हातांत धरला. "वासिल्किच, वासिल्किच... नाव ऐकलंय. इतकी वर्षं कुठे होता? बरं, तुमची स्लावा कुठली?"

हा प्रश्न तिथे प्रत्येकजण प्रत्येकाला विचारतो. तिहोमिरने तेवढ्याचीच तयारी केली नव्हती. खरं सांगावं तर सगळ्या जेवणाऱ्यांचे काटे हवेत थांबले असते. आपला संत घरी एकटा सोडून परक्याच्या पानावर बसलेला यजमान! त्याच्या तोंडून निघून गेलं, "जॉर्ज. संत जॉर्ज."

प्राध्यापकांच्या डोळ्यांत चक्क पाणी तरळलं. "मे महिन्यात," ते म्हणाले. "कोकरू!"

"हो," तिहोमिर म्हणाला. "कोकरू."

"अहो, माझं दुःख तुम्हाला काय सांगू! निकोला येतो उपवासाच्या दिवसांत, तेव्हा मांस वर्ज्य. जन्मभर मासे आणि घेवडा, मासे आणि घेवडा. माझा एकच मित्र जॉर्जवाला होता. त्याच्याकडचं कोकरू... वसंतात वारला बिचारा. तेव्हापासून मला जॉर्ज नाही." त्यांनी तिहोमिरचा हात सोडलाच नाही. "तुमच्याकडे सळईवर भाजतात की भट्टीत?"

"सळईवर," तिहोमिर म्हणाला. आता थांबणं शक्य नव्हतं. "वडिलांची पद्धत. रोझमेरीच्या काडीने वरून बिअर शिंपडायची. चुलत्याच्या गावाहून यायचं कोकरू." वडिलांनी जन्मात कधी कोकरू भाजलं नव्हतं. पण प्राध्यापक डोळे मिटून ऐकत होते, शेजारचे दोन परीक्षकही खुर्च्या जवळ ओढून बसले, आणि तिहोमिर सांगत गेला. आजवर त्याचं एक वाक्य इतकं तल्लीन होऊन कुणी ऐकलं नव्हतं. खिडकीपाशी ओग्नेनच्या हातातला काटा थांबला.

घरी आला तेव्हा पाहुणे गेले होते आणि मेणबत्ती विझवलेली होती. राद्मिला ताटं पुसत होती.

"मिलेंतियेकाका आले होते," ती म्हणाली.

मिलेंतियेकाका म्हणजे तिहोमिरच्या वडिलांचे मित्र, निवृत्त दंतवैद्य. दर निकोलाला न चुकता येत. तिहोमिरची प्रत्येक कादंबरी विकत घेऊन वाचणारा, तिहोमिरला माहीत असलेला हा एकमेव माणूस. तेही नुसते वाचून गप्प बसणारे नव्हते, भांडायचे. विधवेला का मारलंस? पाद्र्याला एवढं लांबण का लावू दिलंस? तिहोमिर उभ्या-उभ्या ग्लास भरत उत्तरं द्यायचा, आणि वर्षातला तो तास त्याला मनापासून आवडायचा.

"नवं पुस्तक काखेत घेऊनच आले. नावाडी शेवटी खोटं का बोलतो, हे त्यांना तुला विचारायचं होतं. बसले वाट बघत. मग पाहुणे यायला लागले आणि यजमानाच्या जागी कुणीच नाही. तेव्हा तेच उठून उभे राहिले. सगळ्यांना त्यांनी वाढलं, तिहोमिर. त्या गुडघ्यांनी."

तिहोमिरला लाज वाटली. उद्याच फोन करू, असं त्याने ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी बुदिमिरचाच फोन आला, आणि मग इतके फोन येत राहिले की ते राहून गेलं.

जानेवारीत 'सोनेरी दौत' मिळाली. "आपल्या मुळांशी आणि वाडवडिलांच्या परंपरेशी विरळा प्रामाणिकपणा" असं मानपत्रात लिहिलं होतं. पुस्तकाच्या आवृत्त्या निघाल्या. शेजारीण आता जिन्यात थांबून सही मागू लागली. समारंभात प्राध्यापकांनी त्याला मिठी मारली आणि कानात फक्त एवढंच म्हणाले, "मे!"

"आता गं?" तिहोमिरने घरी येऊन विचारलं.

"मला काय विचारतोस? कथानक तुझं आहे," राद्मिला म्हणाली. "मी कोकरू भाजणार नाही."

न बोलावता येणाऱ्याला नको म्हणायची सोयच त्या रिवाजात नाही. मे महिन्यात चुलत्याच्या गावाहून नव्हे, हॉटेलातून कोकरू आलं. जुन्या बाजारातून संत जॉर्जचं चित्र आलं. निकोला कपाटात गेला. जॉर्ज आकाराने लहान पडला, त्यामुळे भिंतीवर त्याच्याभोवती फिकट चौकट दिसत राहिली. तिहोमिरने तिथे फुलं खोचली.

समिती आली, मंत्रालय आलं. ओग्नेनही आला. घरात शिरताशिरताच त्याने राद्मिलाच्या आईची चौकशी केली. प्राध्यापक तर पहिल्या घासाला रडलेच. तिहोमिर उभा राहून ग्लास भरत होता, आणि त्याला वाटलं, निभावलं. तेवढ्यात दारात मिलेंतियेकाका दिसले. हातात भेटीची कॉफीची पुडी, अंगात स्लावाचा कोट. सकाळी रस्त्यात शेजारणीनेच त्यांना सांगितलं होतं, आज वासिल्किचांकडे स्लावा आहे म्हणून.

काकांनी भिंतीकडे पाहिलं. जॉर्जकडे, फुलांकडे, फिकट चौकटीकडे. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य काकांनी उच्चारलं असतं तर दौत, आवृत्त्या, सगळ्याचं संध्याकाळपर्यंत शहरभर हसं झालं असतं.

"या, या!" प्राध्यापक भरल्या तोंडाने म्हणाले. "तुम्ही घरचे जुने दिसता. वर्षानुवर्षं येत असाल, काय?"

"याच्या वडिलांच्या घरी यायचो," काका म्हणाले. "या घरी आज पहिल्यांदाच येतोय."

प्राध्यापकांना ते फार आवडलं. "व्वा! काय विनम्रता!" ते म्हणाले आणि पुन्हा कोकराकडे वळले.

काकांनी गव्हाचा चमचा घेतला, छातीवर क्रूसाची खूण केली, पण बसले नाहीत. तिहोमिर त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेला. काहीतरी बोलायलाच हवं होतं. "काका, थांबा ना. तुम्हाला विचारायचं होतं म्हणे, नावाडी शेवटी खोटं का बोलतो."

"विचारायचं होतं," काका म्हणाले. कॉफीची पुडी त्यांनी त्याच्या हातात दिली आणि कोटाचं बटण लावलं. "आता नको. कळलं मला."

ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागले. आतून प्राध्यापकांची हाक आली, "यजमान, अहो यजमान, कुठे गेलात?" तिहोमिर कॉफीची पुडी हातात घेऊन जिन्यातच उभा राहिला, आणि ओग्नेनने त्याच्या जागी उभं राहून सगळ्यांचे ग्लास भरले.